रविवारचं तळघर

मी नवऱ्याला तोंडावर ‘अहो’ म्हणते. लिहिताना मात्र ‘तो’ म्हणणार आहे. ज्याच्यापायी मी अख्खं वर्षभर जळत होते, त्याला आदरार्थी बहुवचन लावायचं म्हणजे फारच झालं.

त्याची बदली कोलकात्याला झाली. ऑफिस खिदिरपूरला, गोदीजवळ, आणि क्वार्टरही तिथून जवळच. मुलगी शिकायला बंगळूरला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. दोघं म्हणजे मी आणि एक ‘हं’. आमटीत मीठ बरं पडलंय का? हं. पुण्याला फोन केलात का? हं. मी केस कापून आले, कसे दिसतात? हं, आणि तेसुद्धा पेपरातून मान वर न काढता. सासूबाई म्हणायच्या, हा लहानपणी रडायचासुद्धा मोजकं. मीही कधीच समजूत घालून घेतली होती, की देवाने काहींना शब्द बेताचेच दिलेले असतात, त्याला आपण काय करणार? मी एकटी बोलते, एकटी हसते, भांडायचं तर दोन्ही बाजूंनी मीच भांडते. संसार चालला होता.

मग ते तळघर आलं. एस्प्लनेडजवळच्या एका गल्लीत जुन्या इमारतीखाली एक बार आहे. रात्री तो तरुण पोरांचा नाइटक्लब असतो, दणदणाट, लुकलुकते दिवे आणि काय काय. पण रविवारी दुपारी तीन ते सहा तिथे जुन्या पद्धतीचा बँड वाजतो आणि पिकल्या केसांची मंडळी जमतात. ऑफिसातल्या एका बंगाली सहकाऱ्याने याला तिकडे नेलं. एकदा नेलं म्हणता म्हणता दर रविवार झाला. दुपारी वरण-भात जेवून हा इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि ‘येतो’ म्हणून निघायचा. त्याचा फोन लागायचा नाही. संध्याकाळी परत यायचा तो गुणगुणत. गुणगुणत! आरतीला नुसते ओठ हलवणारा माणूस.

पिऊन आला असता तर मी समजू शकले असते. पण त्याची एक बिअर तीन तास पुरते, आणि शेवटचा घोट तो टाकून देतो हे मला ठाऊक आहे. वासही कसला यायचा तर तळलेल्या माशाचा आणि दुसऱ्या कुणाकुणाच्या अत्तरांचा. मी शर्ट धुवायला टाकताना हुंगायचे. हो, हुंगायचे, त्यात काय लपवायचंय? पण त्या वासात एका बाईचा असा वास नव्हता. चार-पाच जणांचा मिळून होता, म्हणजे भांडायलाही कुणी एक सापडेना.

आगीत तेल ओतलं ते त्या सहकाऱ्याच्या बायकोने. ती एकदा घरी आली होती, मी पोहे केले होते. खाता खाता हिंदीत म्हणाली, “तुमचे मिस्टर किती बोलतात हो! रविवारी आम्ही हसून हसून बेजार होतो.” मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, तुमचे मिस्टर. मी विचारलं, उंच, चष्मा, डोक्यावर थोडं चंद्रबिंब? तेच ते, म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी त्या विहिरीत बादल्या सोडतेय आणि वर येतोय खडखडाट, आणि या लोकांना तिथे कारंजं मिळतंय! घरी जे नाही असं त्या तळघरात आहे तरी काय, एवढं मला कळायलाच हवं होतं. बाई असेल तर बाई, दारू असेल तर दारू. कळल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नव्हते.

पुढच्या रविवारी मी जाहीर केलं, “मी येणार आहे.”

मला वाटलं होतं तो दचकेल, निदान कारणं सांगेल. तर म्हणाला, “ये की.” इतक्या सहज, की माझा आणखीच संताप झाला. चोराने दार उघडून या बसा म्हटलं तर पोलिसाने काय करावं?

बारमध्ये जायला काय नेसतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नारायणपेठी काढली तर हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसायला लागले. कुर्ता घातला तर मंडईला. शेवटी परत नारायणपेठीच नेसले आणि कानात मोत्याच्या कुड्या घातल्या. म्हटलं, पाहू दे त्या सगळ्यांना, हा कुणाच्या घरचा आहे ते. तयार होऊन समोर उभी राहिले. “कशी दिसतेय?”

“हं. चल, उशीर होईल.”

गल्लीत कडक ऊन होतं. इमारतीच्या बाजूला एक अरुंद दार, दारात काळ्या टी-शर्टातला पहिलवान. त्याने नवऱ्याला सलाम ठोकला आणि माझ्या मनगटावर जांभळा शिक्का मारला. अहो, मी पन्नाशीला आलेली बाई! जिना उतरता उतरता माझ्या मोबाइलची रेंज एकेक काडी करत संपली. म्हणजे फोन का लागत नाही याचा उलगडा झाला, आणि माझा एक जुना संशय विनाकारण फुकट गेला.

खाली मिट्ट काळोख. बाहेर तीन वाजलेत यावर कुणी विश्वास ठेवला नसता. डोळे सरावल्यावर दिसलं, की छत इतकं बुटकं आहे, नवऱ्याने हात वर केला तर टेकेल. छतावरून पाइप गेलेले, लाल दिवे, एसीचा गारठा, आणि शनिवारच्या रात्रीचं काहीतरी सांडलेलं असणार, कारण जमीन चपलेला चिकटत होती. कोपऱ्यात स्टेज, त्यावर चारजण वाद्यं जुळवत बसलेले. टेबलांवर माझ्या आईच्या वयाच्या बायका. एक आजीबाई तर वाइनचा ग्लास हातात घेऊन पायाने ठेका धरून बसल्या होत्या, अंगावर ढाक्याची साडी. मी इथे काय काय पाहीन म्हणून पदर खोचून आले होते, आणि ही तर आमच्या मंडळाची कोजागिरी निघाली. फक्त मसाला दूध नव्हतं.

पण मग नवरा टेबलाशी पोचला, आणि मी पाहिलं ते खरं.

“आशून, दादा, आशून!” या, या, चारी बाजूंनी. वेटरने न सांगता त्याची बिअर आणि फिश फ्राय आणून ठेवलं, वर काहीतरी थट्टा केली, आणि याने त्या थट्टेला उलटून थट्टा केली! खुर्चीत मागे रेलला, हात हलवायला लागला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या बंगालीत त्याने एक किस्सा सांगायला घेतला. आम्ही विशाखापट्टणमला होतो तेव्हाचा. क्वार्टरमध्ये बकरी शिरली आणि तिने मी वाळत घातलेली कुरडई खाल्ली तो. टेबल हसून लोळत होतं. मी त्या किश्श्यात होते! बकरीमागे लाटणं घेऊन धावणारी बाई ती मीच. त्या दिवशी हा दारात उभा राहून काय म्हणाला होता माहितीय? “हं.” एवढंच. मी बिचारी कुरडईसाठी रडले होते, आणि या माणसाच्या पोटात इतका सुंदर किस्सा तयार होत होता, तो मला न सांगता इतक्या वर्षांनी या परक्या लोकांना वाढला. कुरडई माझी, बकरी माझी, लाटणं माझं, आणि हशा त्यांना.

मला सगळ्यांचाच हेवा वाटला. त्या वेटरचासुद्धा. त्या आजीबाईंचासुद्धा.

मग ती आली. बँडमध्ये गाणारी. माझ्याच वयाची, कदाचित वर्ष-दोन वर्षांनी मोठी. सुती साडी, बिनबाह्यांचं ब्लाउज, पिकलेले केस न रंगवता मोकळे सोडलेले, कपाळाला रुपयाएवढी टिकली. दिसायला छान होती, हे लिहायला मला अजून जड जातं. ती सरळ आमच्या टेबलाशी आली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “बौदी? शेवटी आलात!” बौदी म्हणजे वहिनी. मी दात न दाखवता हसले. ती माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पलीकडच्या माणसाशी बोलायला लागली.

आता इथे आमच्या घरची एक सवय सांगायला हवी. सारखी बदली होणाऱ्या आम्हा मराठी माणसांना घराबाहेर मराठी म्हणजे कडी लावलेली खोलीच वाटते. बसमध्ये, लिफ्टमध्ये, मासळीवाल्याच्या तोंडावर, आम्ही वाट्टेल ते बोलतो. याचा मासा कालचा आहे, हिच्या ड्रेसला इस्त्री नाही, हा म्हातारा आता दहा मिनिटं पिळणार. चेहरा गोड ठेवायचा, आवाज नेहमीचा ठेवायचा. विशाखापट्टणमला चाललं, पारादीपला चाललं, इथेही तीन वर्षं चाललं होतं. हा निदान ‘हं’ तरी म्हणायचा. खरं सांगायचं तर आमच्या दोघांत गुपित असं तेवढंच उरलं होतं.

तर मी चेहरा गोड ठेवून, आवाज नेहमीचा ठेवून सुरू केलं. “हीच का ती? बरीच सलगी आहे.”

“अगं, हळू,” तो म्हणाला.

हळू कशाला? मला वाटलं, तिची बाजू घेतोय. झालं! माझा पारा चढला. “केस विंचरायला वेळ नाही मिळाला वाटतं बाईंना. आणि लाज कशी नाही वाटत, बायको समोर बसलीय तरी दुसरीच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात! घरी कुणी विचारत नसणार, म्हणून इथे लोकांचे नवरे गोळा करतेय.”

“अगं, गप्प बस,” तो कळवळून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ते काही दिव्यांमुळे नव्हतं.

बाई माझ्याकडे वळली. डोळे हसत होते. एकेक शब्द वेचत म्हणाली, “वहिनी, मला मराठी थोडा थोडा कळते. ‘नवरा’ कळते. ‘लाज’ तर आमच्या बांगलामध्ये पण आहे.”

मी गार. मग तिने हिंदीत समजावलं, की दादा दर रविवारी तिला मराठी शिकवतात, दोन-चार शब्द, एखादं वाक्य. ती रागावलेली दिसत नव्हती. उलट आपल्याला एवढं समजलं याचाच तिला आनंद झालेला.

एखादीला शरम वाटली असती. मला नाही वाटली, मला राग आला. मुलीचा अभ्यास घ्या म्हणून मी घसा कोरडा केला तेव्हा या गृहस्थाने पाढे शिकवले नाहीत, आणि इथे मराठीचे वर्ग चालवतोय! आमच्या खोलीची कडी याने काढून हिच्या हातात दिली होती. मी पर्स उचलली. तेवढ्यात ती उठली आणि म्हणाली, “थांबा ना वहिनी. आज तुम्ही आहात, तर ते गाणं आधी.”

ती स्टेजवर गेली. गिटारवाल्याने सूर दिला. आणि त्या तळघरात, एस्प्लनेडच्या रस्त्याखाली, तिने माझ्या आजोळचं गाणं म्हणायला सुरुवात केली.

ते कुठल्या पुस्तकात नाही. माझी आई मंगळागौरीला म्हणायची, तिची आई म्हणायची. सासुरवाशीण नदीला विचारते, बाई, तू माझ्या गावाकडून आलीस, माझी आई घाटावर दिसली का, तिने काही निरोप दिला का? मी ते कधी कुणासमोर म्हटलेलं नाही. माझा आवाज काही सांगण्यासारखा नाही. कणीक मळताना, तांदूळ निवडताना आपलं तोंडात असतं इतकंच. आणि ही बाई ते अशी गात होती, की त्या आजीबाईंनी ग्लास खाली ठेवला. तिने गायलं ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. फार चांगलं होतं. उच्चार कुठेकुठे घसरत होता, पण सूर म्हणजे तुपात भिजलेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. मत्सर पोटात असतो म्हणतात; माझ्या तर घशात आला, कडू कडू.

शेवटच्या कडव्यात नदी उत्तर देते. आईचा निरोप सांगते. ती ओळ मला येत नाही. आई गेली आणि ती ओळ तिच्याबरोबर गेली, आता विचारायला कुणी उरलं नाही. त्या जागी आलं की मी दर वेळी अडते, “अगं बाई, काय बरं ते,” असं स्वतःशीच पुटपुटते आणि नुसतं गुणगुणत ओळ पुढे नेते. असं मी करते हेदेखील मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

कारण बाई तिथे आली, थांबली आणि सुरात गायली: “अगं बाई, काय बरं ते.”

आणि मग गुणगुणत पुढे गेली. माझ्याच त्या हुंकारावर, माझ्याच त्या धापेवर. जणू गाणं तसंच आहे. म्हणजे हा माणूस पेपर वाचत नव्हता. इतकी वर्षं पेपर समोर धरून हा स्वयंपाकघरातलं ऐकत होता, माझा श्वास कुठे तुटतो तेही याने पाठ केलं होतं.

टाळ्या झाल्या. ती खाली उतरून माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि हिंदीत म्हणाली, “वहिनी, दादांना मी कितीदा विचारलं. ‘अगं बाई’ म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं, पण नदी शेवटी काय म्हणते ते त्यांना सांगता येत नाही. तिथे खरी ओळ काय आहे? मला शिकवा ना.”

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “ओळ आहे. पण ती घरची आहे. बाहेर देत नाही.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ती ओळ मला येत नाही हे जगात फक्त त्याला ठाऊक होतं. त्याने बिअरचा घोट घेतला. त्या बाईने मान डोलावली, तिला ते पटलं असावं, आणि ती पुढच्या गाण्याला गेली.

सहाला आम्ही निघालो. जिन्यात, अर्ध्यावर, मी थांबले. वर उजेड दिसत होता, खालून बँड ऐकू येत होता. मी म्हटलं, “इतकी वर्षं ऐकत होतात?”

“हं.”

“आणि आवडत होतं?”

“हं.”

“मग मेलं एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं! त्या परक्या बाईला सांगितलंत, बँडला सांगितलंत, वेटरला सांगितलं असेल! मला सांगायला काय जिभेला फोड आला होता?” माझा आवाज चढला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

तो कठड्याला धरून उभा राहिला. मग आमच्या अख्ख्या संसारातलं सगळ्यांत लांब वाक्य त्या जिन्यात बोलला. “सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की कुणीतरी ऐकतंय, आणि तू गायची थांबली असतीस.”

काहीतरीच, मी म्हटलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे लाजायला? टॅक्सीत मी खिडकीबाहेर बघत बसले, पण खोटं कशाला बोलू, आतून सुखावले होते. तळघरात घरी नसलेलं काय आहे ते शोधायला गेले होते, आणि तिथे सापडले मी. त्या रात्री मी त्याला आवडतं म्हणून भरली वांगी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळायला घेतली. गाणं आपसूक तोंडात आलं, पहिली ओळ झाली, आणि हॉलमधल्या टीव्हीचा आवाज कमी झाला. अगदी थोडासा. पूर्वीही होत असेल, मला कळलं नसेल. मी थांबले. खाकरले, पुन्हा सुरुवात केली, तर मला माझेच सूर ऐकू यायला लागले, किती बेसूर, किती बारके, त्या बाईचे कसे भरदार होते. मी गप्प झाले.

“टीव्ही मोठा करा!” मी ओरडले.

त्याने केला. चांगला मोठा केला. बातम्या सगळ्या मजल्याला ऐकू जाव्यात इतका. तरी गाणं आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी दार लावून पाहिलं, तो ऑफिसला गेल्यावर रिकाम्या घरात पाहिलं. मला सतत वाटतं की कुणीतरी ऐकतंय, आणि कुणीतरी ते माझ्यापेक्षा चांगलं म्हणतंय. कणीक मळून होते, तांदूळ निवडून होतात, घरात आवाज फक्त कुकरचा असतो. तो पेपर धरून बसलेला असतो, पण आता पानं खरंच उलटतात.

तो बरोबर होता, याचा राग मी कुणावर काढू?

रविवारी जेवणं झाली की तो इस्त्रीचा शर्ट चढवतो आणि दारात थांबून विचारतो, “येतेस?” मी साडी नेसलेलीच असते. आम्ही तो जिना उतरतो, पुढच्या टेबलाशी बसतो, आणि ती बाई स्टेजवरून मला मान झुकवून नमस्कार करते. आता तर सगळ्या तळघराला ते पाठ झालंय. ती जागा आली की आजीबाईंपासून वेटरपर्यंत सगळे एका सुरात म्हणतात, “अगं बाई, काय बरं ते,” आणि हसतात, आणि माझा नवरा सगळ्यांत मोठ्याने म्हणतो. एकटी मी तोंड मिटून बसते.

माझं गाणं ऐकायला आता आम्हा दोघांनाही तिच्याकडेच जावं लागतं.